कर वेगळा पडेल

पावतीकाकांनी आयुष्यात कुणाला फसवलं नाही आणि स्वतःही कुणाकडून फसले नाहीत. आमच्या इमारतीत याबद्दल कुणाचं दुमत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या दोन्हींतल्या दुसऱ्या गोष्टीचा त्यांनी जरा कमी अट्टाहास केला असता, तर माझ्या समोरच्या घरात आज दोन माणसं राहत असती.

मी कपडे दुरुस्त करून देते. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं, असली कामं. मशीन दारालगतच्या खोलीत आहे आणि उजेडासाठी दार दिवसभर उघडं असतं. त्यामुळे जिन्यावरून कोण आलं, कोण गेलं, कुणाचं कुणाशी वाजलं, हे सगळं न विचारता माझ्याकडे जमा होतं. समोरचं दार काका-काकूंचं. मूलबाळ नाही. दोघंच.

काका पालिकेच्या करवसुली खात्यातून निवृत्त झाले. लोकांच्या दारात जाऊन थकलेला कर मागायचा, नाहीच दिला तर कुलपाला सील ठोकायचं, हे त्यांचं काम. ज्याला जिन्यात बघून लोक आतले दिवे बंद करतात, त्या माणसाचा स्वभाव गोड राहावा ही अपेक्षाच चुकीची. पण काका कडूही नव्हते. कोरडे होते. कुठलाही व्यवहार झाला की हात पुढे करून म्हणायचे, “पावती?” भाजीवालासुद्धा यातून सुटला नव्हता. तो एकदा वैतागून म्हणाला, “काका, दोन वांगी घेतलीत. परत करायला येणार आहात का?” काका शांतपणे म्हणाले, “प्रश्न परत करण्याचा नाही. प्रश्न पद्धतीचा आहे.” तेव्हापासून भाजीवाला त्यांना जुन्या वहीच्या कपट्यावर आकडा लिहून द्यायचा आणि खाली झोकात सही करायचा.

काकू अगदी दुसऱ्या टोकाच्या. त्यांची सारी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात गेली, तीही फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्यात. समोरचा कितीही तणतणला तरी या आवाज चढवायच्या नाहीत, आणि तीच सवय घरात उपयोगी पडली असं त्या म्हणायच्या. “आमचं लग्न नोंदणी पद्धतीचं,” त्या मला पहिल्याच भेटीत सांगत होत्या, “सही झाल्या झाल्या ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कारकुनाला म्हणाले, फी भरल्याची पावती?” एवढं सांगून स्वतःच इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “ती पावती अजून आहे आपल्याकडे.”

तर या काकू घरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टरांनी बजावलं, खाली बसायचं नाही, पायरी चढायची नाही. आता यांच्या घरातलं संडास-बाथरूम जुन्या पद्धतीचं. पाय उंच उचलून ओलांडावा लागेल असा उंबरा आणि आत खाली बसायचं भांडं. काकूंना धरून आत न्यायचं, खुर्ची मध्ये कापून केलेल्या बैठकीवर बसवायचं आणि बाहेर थांबायचं, हे काकांनी न कुरकुरता केलं. ते मी मान्य करते. पण काकूंना ते नको होतं.

“मला फार काही नकोय गं,” त्या मला म्हणाल्या, “दार आतून लावून, कुणाचा हात न धरता, माझं मला उरकता आलं पाहिजे. बाहेर कुणी उभं आहे म्हटलं की माझं सगळं आखडतं. इतकी वर्षं संसार झाला म्हणून काय झालं?”

म्हणून काकांनी बाथरूम नवं करायचं ठरवलं. उंबरा काढायचा, जमीन एका पातळीत आणायची, कमोड बसवायचा, भिंतीला धरायला दांडी लावायची. ठेकेदार आला. हा आमच्या भागातला माहितीचा माणूस, त्याचं सगळं बोलणं “होऊन जाईल” या दोन शब्दांवर चालतं. टाइल्सला उतार नीट येईल ना? होऊन जाईल. पाइप जुना आहे, चालेल ना? होऊन जाईल. काकांनी त्याच्याकडून कागदावर एकूण रक्कम लिहून घेतली, सही घेतली. टाइल्स, कमोड, पाइप आणि दांडी त्यांनी स्वतः दुकानातून आणली, अर्थातच पक्क्या बिलावर. काम सुरू झालं. जुनं भांडं फुटलं, उंबरा गेला, भिंती विटांपर्यंत सोलल्या, जमिनीवर गळती थांबवणारा थर देऊन झाला. दोनेक आठवडे गैरसोय होईल, आमच्याकडे कमोड आहे, तेवढे दिवस इकडे या, असं मीच काकूंना सांगितलं होतं. त्या टॉवेल खांद्यावर टाकून, वॉकर खटखटवत माझ्या दारात यायच्या आणि विचारायच्या, “भाडं किती पडेल? पावती मिळेल ना?”

टाइल्स बसवायच्या आदल्या दिवशी ठेकेदार बिल घेऊन आला. मी मशीनवर होते, तो काकांच्या दारात उभा होता, त्यामुळे शब्द न शब्द ऐकला.

“अर्धे आज द्या काका, बाकीचे काम संपल्यावर. आणि ह्यावर अठरा टक्के. कर वेगळा पडेल.”

“कर कशावर?”

“सगळ्यावर. मजुरी, माल, सगळं मिळून.”

“माल मी आणलाय. त्याचा कर मी दुकानात भरलाय. दाखवू का पावती?”

“ते तुमचं आणि दुकानाचं झालं. आमचं बिल आमच्या पद्धतीनं निघतं.”

“तुम्ही लिहून दिलेल्या कागदावर कराचा उल्लेख नाही.”

“ते कुणीच लिहीत नाही, काका. ते धरूनच चालायचं असतं. आजपर्यंत कुणी विचारलं नाही.”

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. काकांनी चष्मा लावला, बिल दाराच्या उजेडात धरलं आणि त्यावरचा नोंदणी क्रमांक मोठ्यानं वाचला. मग म्हणाले, “हा नंबर कुणाच्या नावावर आहे ते मी बघून सांगतो. तोवर थांबा.” ठेकेदार वळून जिना उतरला. होऊन जाईल असंही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी काका कर कार्यालयात जाऊन आले. तिथल्या खिडक्यांमागे त्यांच्या ओळखीचे लोक अजून होते. संध्याकाळी जिना चढताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं काकूंचा एखादा रिपोर्ट चांगला आला. तर नाही. तो नंबर ठेकेदाराच्या मेहुण्याच्या दुकानाचा निघाला होता, आणि ते दुकान बंद पडून नंबर कधीच रद्द झाला होता. म्हणजे ठेकेदार जो कर मागत होता तो सरकारच्या तिजोरीत जाणारच नव्हता. सरळ त्याच्या खिशात. काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, हे मी आजही सांगते. त्या माणसानं आमच्या इमारतीत आणखी किमान चार घरांना असाच चुना लावला होता.

“चोर आहे तो!” काका म्हणाले. बऱ्याच वर्षांनी त्यांना त्यांचं काम परत मिळालं होतं.

काकू पलंगावरून म्हणाल्या, “असेल हो. पण मग आता टाइल्स कधी बसणार?”

काकांनी त्याच रात्री तक्रार लिहिली, एक प्रत कर कार्यालयाला, एक ग्राहक मंचाला. बातमी ठेकेदाराला लागायला वेळ लागला नाही. त्यानं मिस्त्री उठवले, घमेली-थापी उचलली आणि काम तसंच टाकून निघून गेला. टाइल्सची खोकी आत जाण्याच्या वाटेत भिंतीला टेकून राहिली. नवा कोरा कमोड बैठकीत सोफ्याशेजारी खोक्यात बसला, एखाद्या नको असलेल्या पाहुण्यासारखा.

दुसरा माणूस बघा, असं मी म्हटलं. काकांनी दोन-चार जण बघितलेही. एकेक जण यायचा, आत डोकावायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, “आधी कुणाचं काम होतं?” नाव ऐकलं की हात वर. या धंद्याची ही रीत मला तेव्हा कळली. दुसऱ्यानं अर्धवट सोडलेल्या ओल्या कामाला कुणी हात लावत नाही. उद्या खालच्या घरात पाणी गळलं तर थर कुणी दिला, टाइल्स कुणी बसवल्या, यावरून डोकी फुटतात. शेवटी एक म्हातारा मिस्त्री तयार झाला. पण म्हणाला, आधीचा थर उखडून टाकतो, सगळं पहिल्यापासून करतो, मग मी जबाबदार.

हे ऐकून मला हायसं वाटलं. काकूंनी तर त्याला चहा दिला. काका म्हणाले, “उखडायचं नाही. तो पुरावा आहे. तपासणीला अधिकारी येणार आहेत, त्यांना काम कुठे सोडलं ते जसंच्या तसं दिसलं पाहिजे.”

मिस्त्रीनं चहा संपवला आणि तो गेला. काकांनी बाथरूमच्या दाराला कुलूप घातलं. कडीवर कागदाची पट्टी डकवून तारीख घातली आणि सही केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांना सील ठोकलेला माणूस, शेवटी त्यानं स्वतःच्या संडासाला सील ठोकलं. मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. मला हसू आलं नाही, कारण पलीकडे वॉकरचा आवाज सुरू झाला होता.

तपासणीचं पत्र काही येईना. काका दर सोमवारी चौकशीला जात आणि फाईल कुठल्या टेबलावर आहे ते कळून खूश होऊन परतत. ते स्वतः कोपऱ्यावरच्या सार्वजनिक शौचालयात जायचे, काकूंना तेवढं चालणं जमत नव्हतं, म्हणून त्या आमच्या घरात ये-जा करत होत्या. आमच्याही घरात बाथरूम एकच, आणि माणसं चार. माझा मुलगा कॉलेजला जाणारा. नवरा बेकरीत पहाटेच्या पाळीला. सासरे एकदा आत गेले की पेपर संपवल्याशिवाय बाहेर येत नाहीत. कुणी काकूंना काही बोलत नव्हतं. पण घाईत असलेल्या माणसाच्या चपलांचा आवाजसुद्धा बोलतो. काकू आत असल्या की कुणीतरी बाहेर फेऱ्या मारतच असायचं. त्यांना जे नको होतं नेमकं तेच, आणि तेही परक्यांच्या घरात.

एक दिवस माझा संयम संपला. मी पलीकडे गेले आणि काकांसमोर उभी राहिले.

“काका, देऊन टाका ना ते अठरा टक्के. काम होऊ दे, मग काय भांडायचं ते भांडा.”

“एकदा दिले की कबूल केल्यासारखं होतं.”

“रक्कम मोठी आहे का?”

त्यांनी आकडा सांगितला. काकूंच्या ऑपरेशनच्या वेळी आठवडाभराच्या खोलीचं भाडं त्याहून जास्त झालं होतं, आणि तेव्हा यांनी डोळ्याची पापणी हलवली नव्हती, कारण त्याची पावती होती.

“पैसे नाहीत असं तर नाही ना?”

“असण्यानसण्याचा प्रश्न नाही.”

“मग प्रश्न तरी कसला आहे?” माझा आवाज चढला. “त्या बाईनं किती दिवस लोकांच्या दारात टॉवेल घेऊन उभं राहायचं?”

आतून काकूंचा आवाज आला, तोच फोनवरचा, गुळगुळीत. “जाऊ दे गं. त्यांच्या तत्त्वाचा विषय आहे. माझं काय, मी जमवते.”

मी तिथून निघाले ती थेट ठेकेदाराकडे गेले. एका दुकानाच्या बाहेर सिमेंटच्या पोत्यावर बसला होता. मला वाटलं होतं हमरीतुमरीवर येईल. तसं काही झालं नाही. चेहरा उतरलेला होता. तक्रारीमुळे त्याची दोन कामं अडकली होती.

“ताई, मला त्यांचा करबिर काही नको आता,” तो म्हणाला. “चूक झाली म्हणा. त्यांना म्हणावं तक्रार मागे घ्या. उद्या सकाळी माणसं पाठवतो, चार दिवसांत काकूंचं बाथरूम तयार. मजुरीतले पण थोडे सोडतो.”

मी घरी धावतच आले. जिना चढताना मला धाप लागली होती, पण आनंदानं. काकूंना दारातूनच ओरडून सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो विसरणार नाही. त्यांनी वॉकर सोडून दोन्ही हातांनी माझा हात धरला.

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे त्यानं तुझ्यासमोर चूक कबूल केली?”

“हो.”

“शब्द काय होते त्याचे? आठवून सांग.”

मी सांगत गेले आणि ते टेबलापाशी बसून लिहीत गेले. लिहून झाल्यावर कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “इथे सही कर. साक्षीदार म्हणून.” तक्रारीला जोडायची पुरवणी होती ती.  काकू आमच्या दोघांकडे बघत होत्या.  त्यांनी वॉकर ओढून घेतला आणि पलंगाकडे वळल्या. मी सही केली नाही, पण त्यानं काही फरक पडला नाही. त्यांनी खाली लिहिलं की साक्षीदार दबावाखाली आहे.

त्यानंतर काकूंचं येणं कमी झालं. आधी मला वाटलं त्या रागावल्यात. सकाळी एकदा यायच्या, रात्री झोपण्याआधी एकदा. चहा टाकते म्हटलं तर नको म्हणायच्या. पूर्वी तासभर बसून गप्पा मारणारी बाई, आता उरकून लगेच परत. थट्टाही बंद झाली. भाडं किती, हा प्रश्न विचारायच्या नाहीत. ओठ सुकलेले, बोलताना जीभ चिकटायची. वयाचं असेल, आजारपणाचं असेल, असं मी धरून चालले.

उलट त्यांच्या खिडकीतल्या कुंड्या मात्र तरारल्या होत्या. काका कौतुकानं मला दाखवायचे. म्हणायचे, घरात पडून पडून हिला बागेचा नाद लागलाय.

मग एके सकाळी काकू उठल्याच नाहीत. अंगात सणकून ताप, बोलणं असंबद्ध. काकांना हाक मारायच्या ऐवजी फोन उचलल्यासारख्या म्हणत होत्या, “नमस्कार, बोला, आपली काय तक्रार आहे?”  आम्ही त्यांना हॉस्पिटलात नेलं. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. डॉक्टर तरुण होती, घाईत होती. तिनं विचारलं, “पाणी किती पितात?”

“भरपूर,” काका म्हणाले. “रोज सकाळी मी स्वतः जग भरून त्यांच्या उशाशी ठेवतो. संध्याकाळी रिकामा असतो. मी रोज बघतो ना.”

डॉक्टरनं त्यांच्याकडे बघितलं, काकूंच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली आणि सलाइन लावायला सांगितलं.

दोन दिवसांनी काकू शुद्धीवर आल्या. काका खाली पैसे भरायच्या रांगेत होते, म्हणजे त्यांना वेळ लागणार हे ठरलेलं. काकूंनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. तो दिवस मला आठवत होता, पण मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. काकू आमच्या दारात आल्या होत्या आणि आत सासरे होते. काकू म्हणाल्या थांबते. मी मान खाली घालून मशीनवर परत बसले. त्या बाहेर जिन्याच्या चौकात वॉकरला धरून उभ्या राहिल्या, आणि थांबणं जमलं नाही. तिथेच झालं. खालून कुणीतरी जिना चढत होतं. काकूंनी आपल्या घरातून वॉकरला अडकवून बादली आणली, पाणी ओतलं, वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं असताना वाकून फडक्यानं जागा पुसली आणि मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, बादली सांडली. मी म्हटलं होतं, जपून काकू, पडाल.

“त्या दिवसापासून मी ठरवलं,” त्या म्हणाल्या, “पाणीच प्यायचं नाही. प्यायलं तर जावं लागतं. त्या जगमधलं सगळं पाणी कुंड्यांत ओतायची. तहान इतकी लागायची गं, की रात्री नळाचा आवाज आला तरी रडू यायचं. ह्यांना सांगू नकोस.”

मी सांगितलं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, पावतीची घडी घालत ते येत होते तेव्हा, समोर उभं राहून सांगितलं. न चिडता सांगायचं ठरवलं होतं पण जमलं नाही.

“जग रिकामा असायचा,” ते म्हणाले.

“कुंड्यांत जात होतं पाणी. तुम्ही फक्त जग बघितलात, काका. त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाहीत.”

ते बाकावर बसले. पावतीची घडी उलगडून पुन्हा घातली. मग म्हणाले, “तिनं मला सांगायला हवं होतं.”

“आणि सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत? तक्रार मागे घेतली असतीत?”

ते उत्तर देतील म्हणून मी थांबले. त्यांनी खोटं बोलायला तोंड उघडलंच नाही. खोटं बोलण्याची सवयच नव्हती त्यांना, आणि त्या क्षणी मला त्यांची कीवही आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

काकूंना घरी सोडायची वेळ आली तेव्हा त्यांची धाकटी बहीण आली. एकटी राहते, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर. तिनं कुणाला विचारलं नाही. “ताईला मी नेते,” एवढंच म्हणाली. काकांनी विरोध केला नाही. घरात बाथरूम नव्हतंच, विरोध कुठल्या तोंडानं करणार? “थोड्या दिवसांचा प्रश्न आहे,” ते म्हणाले. काकूंनी गाडीच्या खिडकीतून माझ्याकडे बघून हात हलवला.

आणि मग तपासणीचं पत्र आलं. अधिकारी आला, सील काढलं, सोललेल्या भिंती बघितल्या, फोटो काढले. ग्राहक मंचात सुनावणी झाली. निकाल काकांच्या बाजूनं लागला, तोही प्रत्येक मुद्द्यावर. कर मागण्याचा ठेकेदाराला अधिकार नव्हता, त्याला दंड झाला, आणि उरलेलं काम ठरल्या रकमेत पुरं करून द्यायचा हुकूम निघाला. आमच्या इमारतीतल्या त्या चार घरांनाही आपापले पैसे परत मिळाले. ते लोक काकांना येऊन भेटले, आभार मानून गेले. मीही मान्य करते, हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

ठेकेदाराची माणसं आली आणि खाली मान घालून काम करून गेली. बाथरूम सुरेख झालं. काकांनी मला बोलावून दाखवलं. पांढऱ्या टाइल्स, जमीन एका पातळीत, दांडी दोन्ही बाजूंना. नव्या दाराला आतून पितळी कडी होती. ती काकांनी तीन-चारदा लावून आणि उघडून दाखवली. “एका बोटानं सरकते,” ते म्हणाले. “तिला जोर लावावा लागू नये म्हणून मुद्दाम शोधून आणली.”  दुसऱ्या दिवशी काकूंना आणायला जायचं होतं आणि त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं. एकट्यानं जायची त्यांना भीती वाटत होती, असं मला वाटतं, पण ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, “सामान असेल तिचं.”

बहिणीच्या घरी काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. अंगावर जरा मांस आलं होतं. वॉकर नव्हता, साधी काठी होती. आम्हाला बघून छान हसल्या, माझी, सासऱ्यांची, मुलाच्या परीक्षेची चौकशी केली. काकांनी खिशातून निकालाचा कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. काकूंनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. 

“चांगलं झालं,” त्या म्हणाल्या आणि घडी घालून परत दिला.

“बाथरूम तयार आहे,” काका म्हणाले. “तुला हवं होतं तसंच. चल आता घरी.”

काकूंनी बहिणीकडे पाणी मागितलं. मोठा पेला होता. त्या सावकाश, घोट घोट करत सगळा पेला प्यायल्या, आणि आम्ही बघत बसलो. काकांची नजर पेल्यावरून हलत नव्हती. पेला खाली ठेवून काकू म्हणाल्या, “मी इथेच राहते. तुम्ही येत जा अधूनमधून.”

“अगं पण का? आता तर सगळं झालंय.”

“एकदा फसला असतात ना हो माझ्यासाठी,” काकू म्हणाल्या. चिडून नाही. एखादी साधी गोष्ट घ्यायची राहून गेली, अशा सुरात. “फक्त एकदा. मी जन्मभर तुमच्या नावानं हसले असते आणि आले असते.”

काकांचे ओठ हलले. मला वाटलं आता तरी हा माणूस चुकलो म्हणेल. मनातल्या मनात मी त्यांना म्हणत होते, म्हणा काका, म्हणा.

“पण तो कर लागतच नव्हता गं,” ते म्हणाले.

“माहीत आहे मला,” काकू म्हणाल्या. “तुमचंच बरोबर होतं.”

मग त्यांनी काठी घेतली, खुर्चीच्या हाताला धरून उठल्या आणि कुणाच्या मदतीशिवाय आत गेल्या. बाथरूमचं दार लागलं, आतून कडी सरकल्याचा आवाज आला. काका उभे राहून त्या दाराकडे बघत राहिले. आम्ही बराच वेळ थांबलो. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि काकूंना कसलीच घाई नव्हती.